कानवाल्या कोटाचा खिसा

१

कोट कटिंगच्या टेबलावर पालथा पडला होता. टोपीचे दोन कान तेवढे उभे, जणू खोलीतलं सगळं बोलणं तोच ऐकत होता.

मालकीणबाईंनी तो समोरच्या चौकातल्या दुकानातून विकत आणला होता. काचेत टांगलेला दिसला तशी गाडी मध्येच थांबवली, आत गेल्या, आणि आता खांद्यावरची पर्सही न काढता टेबलाशी उभ्या होत्या. मुलांच्या कपड्यांचा हा कारखाना त्यांनी एका शिलाई मशीनवर उभा केला होता, आणि थंडीसाठी काढलेला कानवाला कोट म्हणजे यंदाच्या सगळ्या आशेचं गाठोडं होतं. तो अजून खालच्या मजल्यावरच्या शिवणाऱ्या बायकांपर्यंत पोचलाही नव्हता. एकच सॅम्पल शिवलेलं, तेही मालकीणबाईंच्या कपाटात कुलूपबंद. तरी कोट समोरच्याच्या काचेत झुलत होता.

"हे कान कोणाच्या डोक्यातून निघाले?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांना ठाऊक होतं. निघाले होते पॅटर्नवालीच्या डोक्यातून. कपड्याच्या प्रत्येक तुकड्याचा आराखडा, म्हणजे पॅटर्न, कॉम्प्युटरवर काढायचा हेच तिचं काम, म्हणून कारखान्यात तिला सगळे पॅटर्नवाली म्हणत. घरी तीन वर्षांची मुलगी, गळ्यात सदा मोजायचा टेप, आणि चेहऱ्यावर गॅस बंद केला की नाही ते आठवत असल्यासारखा कायमचा भाव.

खोलीत चौघंच होते. मालकीणबाई. ती. कापड कापणारे मास्तर, ज्यांच्या कात्रीला हात लावायची कोणाची टाप नव्हती. आणि रंगसंगती, बटणं, अस्तर असलं सगळं बघणारा तरुण, ज्याला त्याच्या जाड भिंगांमुळे चष्मा म्हणत.

"पॅटर्न बाहेर काढायची सोय कोणाकडे आहे?" मालकीणबाईंचा दुसरा प्रश्न.

मास्तर कात्री पुसू लागले. चष्मा आपल्या बुटांकडे बघत राहिला. उत्तर द्यायचं ते तिनेच द्यायला हवं होतं. "माझ्याकडे," ती म्हणाली. "पॅटर्नच्या प्रोग्रॅमचं प्रीमियम माझ्याच कॉम्प्युटरवर आहे."

मालकीणबाईंनी तिची बॅग मागितली आणि टेबलावर उपडी केली. लहानसा एक मोजा. अर्धं खाल्लेलं बिस्किट. औषधाचा प्लॅस्टिकचा चमचा. घडी घातलेला एक कागद. उलगडला तर लेकीने काढलेलं वाकडं घर आणि घरापेक्षा मोठा सूर्य. तो त्यांनी बाजूला ठेवला. शेवटी निघाली ती प्रीमियमची किल्ली, अंगठ्याएवढी, कॉम्प्युटरला लावल्याशिवाय प्रोग्रॅम उघडत नाही ती. किल्ली त्यांनी पर्समध्ये टाकली.

त्यांचं म्हणणं थोडक्यात होतं. संध्याकाळपर्यंत खरं काय ते कळायला हवं. नाही कळलं तर पॅटर्नवालीला काढण्यात येईल, आणि का काढलं तेही धंद्यातल्या सगळ्यांना सांगण्यात येईल. या गावात मुलांचे कपडे करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एकाने तोंड फिरवलं की सगळे फिरवणार.

मग त्यांनी आतून दाराची कडी लावली.

२

खोलीला एकच खिडकी, तिलाही जाळी. तिथून समोरची भिंत दिसे, आणि भिंतीवरून उतरणारा एक पाइप. एरवी हे तिच्या ध्यानातही येत नसे. आज तो पाइप बघताना तिचा जीव कोंडला.

ती मनाशी तेच तेच घोटत बसली. मी दिलं नाही. पण माझ्याशिवाय कोणाला देताच येत नाही. म्हणजे मीच दिलं. तिसऱ्या पायरीवर येऊन मन थांबे आणि पुन्हा पहिलीवर जाई. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये उभं राहायला जागा नाही.

हा पेच कसा तयार झाला ते तिला नीट आठवत होतं. गेल्या वर्षी कॉम्प्युटरवाले आले होते. त्यांनी टेबलावर लॅपटॉप ठेवून समजावलं होतं: यात बेसिक असतं आणि प्रीमियम असतं. प्रीमियममध्ये पॅटर्न काढता येतो, सगळ्या मापांत मोठा-लहान करता येतो, थेट प्लॉटरवर, म्हणजे पुऱ्या मापात छापणाऱ्या मोठ्या यंत्रावर, पाठवता येतो, फाइल बाहेर काढता येते. एकाने केलेला बदल लगेच दिसतो. बेसिकमध्ये नुसतं बघायचं. तेही मूळ मापच, म्हणजे या कारखान्यात सहा वर्षांच्या मुलाचं. नवा बदल हवा असेल तर स्वतः अपडेट दाबायचं. नाही दाबलं तर जुनंच दिसत राहणार. लहान कागदावर हवं तर प्रिंट काढा. पण फुकट.

फुकट म्हटल्यावर मालकीणबाईंचा चेहरा खुलला होता. "आम्हाला नुसतं बघायचंय हो," त्या म्हणाल्या होत्या. प्रीमियम एकच घेतलं, तिच्यासाठी. मालकीणबाई, मास्तर आणि चष्मा यांना बेसिक. आणि वर त्यात एक शहाणपण होतं, असं त्या अजून सांगत: बेसिकमधून काही बाहेर जाऊच शकत नाही, तेव्हा चोरीची भीती नाही.

त्याच वेळी मालकीणबाईंनी तिच्या घरासाठीही प्रीमियम देऊ केलं होतं. मुलगी आजारी असली की घरून काम करता येईल म्हणून. ती दोन दिवस त्या विचाराने नुसती कुढत होती. प्रीमियम घरात आलं म्हणजे भाजी परततानाही मालकीणबाईंचा फोन, लेकीला अंघोळ घालतानाही प्लॉटर. शेवटी तिने हात जोडून नको म्हटलं. घरच्या लॅपटॉपवर फुकटातलं बेसिक तेवढं टाकून घेतलं, कधी एखादी गोष्ट नजरेखालून घालायची असली तर. घराला कुंपण घातल्यासारखं वाटलं होतं तेव्हा.

मालकीणबाई आता एकेकाला विचारत होत्या. मास्तरांनी सांगितलं, त्यांना कॉम्प्युटर म्हणजे खिडकीसारखा, बघायचं आणि पुढे जायचं. कोणी कधी काय मागायला आलं नाही. आलं असतं तर कात्री दाखवली असती.

चष्म्याची पाळी आली तेव्हा त्याचा आवाज चिरकला. हो, त्याने प्रीमियम मागितलं होतं. दोनदा मागितलं होतं. मिळालं नाही म्हणून कुरकुरलाही होता, आणि जेवणाच्या सुट्टीत म्हणाला होता की इथे बेसिक माणसाला किंमत नाही. पण म्हणून चोरी करेन का, असं त्याने विचारलं. बायकोचे दिवस भरत आलेत, सुट्टीसाठी तोंड वेंगाडायचं आहे, अशा वेळी मालकिणीशी वाकडं घेईन का?

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या खिशातून अंगाईच्या यंत्राची पावती डोकावत होती. पोर आलं नव्हतं, पण पोराला झोपवायची सोय झाली होती. तिलाही एकेकाळी असंच वाटलं होतं, की वस्तू आणल्या म्हणजे तयारी झाली.

मग तिच्या मनात पहिल्यांदाच एक वेगळा विचार आला. सगळे जण चोर शोधताहेत. कोटाकडे कोणीच पाहिलेलं नाही.

३

तिने परवानगी मागून कोट सुलटा केला.

आधी गळपट्टी उलटून लेबल पाहिलं. सहा वर्षं.

"दुकानात दुसरी मापं होती का?" तिने विचारलं.

मालकीणबाईंना आठवत होतं. त्यांनी मुद्दाम धाकटं माप मागितलं होतं. दुकानदार म्हणाला, सध्या एवढंच आहे, बाकीची मागाहून येतील.

ती सावकाश बोलू लागली. प्रीमियममध्ये सगळी मापं एका बटणावर निघतात. तिला पॅटर्न विकायचाच असता तर तिने दोन वर्षांपासून बारा वर्षांपर्यंत सगळे दिले असते. घेणाऱ्यानेही तेच मागितलं असतं. एका मापाचा कोट घेऊन दुकान काय करणार? एकच माप, आणि तेही नेमकं मूळ माप, कोणाकडे असतं?

"बेसिकवाल्याकडे," चष्मा नकळत बोलला, आणि लगेच त्याने ओठ मिटले.

मालकीणबाईंनी मान हलवली. बेसिकमधून फाइल निघत नाही. लहान कागदावर चित्र निघेल, पण चित्रावरून कोट शिवत नाहीत.

तिने मास्तरांना विनंती केली. कपाटातलं सॅम्पल, तेही सहा वर्षांचंच, काढलं गेलं, दोन कोट शेजारी शेजारी निजवले गेले, आणि मास्तरांचा टेप फिरू लागला. पाठ: चोरीचा कोट बोटभर आखूड. बाही: तीही आखूड, थोडी कमी. पुढचा भाग: आखूड. मास्तर पुटपुटले, कोणीतरी अंदाजाने कापलेलं दिसतंय. मग त्यांनी कान मोजले. पुन्हा मोजले. कान अगदी बरोबर. खिशावरची झडप बरोबर. गळ्याचा पट्टाही बरोबर.

"लहान तुकडे जसेच्या तसे, मोठे तुकडे आखूड," ती म्हणाली. "मास्तर, असं कशाने होईल?"

मास्तर विचारात पडले. कोट उसवून नक्कल केली असती तर सगळीकडेच थोडंफार चुकलं असतं. अंदाजाने कापलं असतं तर कान आधी चुकले असते, कान सर्वांत अवघड.

तिने प्रिंटरमधला एक साधा कागद घेतला आणि कान त्यावर ठेवला. कान मावला. झडप मावली. मग तिने पाठीवर कागद ठेवला, त्याच्याखाली दुसरा, तिसरा. "पाठ एका कागदावर मावत नाही. कागद जोडावे लागतात. चिकटपट्टीने. प्रत्येक जोडाला एक कड दुसरीवर चढते, आणि तिथे सुताएवढं माप खाल्लं जातं. जितके जोड जास्त, तितका कोट आखूड. जोड नाही तिथे माप बरोबर."

खालच्या मशिनींची घरघर तेवढी ऐकू येत होती.

बेसिकमध्ये खरोखरच्या मापात, तुकड्या-तुकड्याने प्रिंट काढायची सोय पहिल्या दिवसापासून होती. कॉम्प्युटरवाल्यांनी सांगितलीही होती. पण ज्यांच्या खोलीत भिंतीएवढा प्लॉटर उभा आहे ते कागद कशाला चिकटवत बसतील? चौघांनीही ती गोष्ट ऐकली आणि विसरून गेले. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असं म्हणतात. इथे शेपूटच दारातून गेलं होतं आणि सगळे हत्तीवर पहारा देत बसले होते.

मालकीणबाईंनी पर्समधली किल्ली काढून तिच्यापुढे ठेवली. सुटले, असं तिला वाटलं. सकाळपासून पहिला पुरा श्वास तिने घेतला.

तो सोडायच्या आत मालकीणबाई चष्म्याकडे वळल्या होत्या.

४

त्यांचा हिशेब सरळ होता. बेसिक तीन. एक त्यांचं स्वतःचं. एक मास्तरांचं, आणि मास्तर कागद चिकटवून माप खातील हे त्यांचा वैरीसुद्धा म्हणणार नाही. उरला कोण?

चष्म्याने चष्मा काढून पुसला. काही माणसं आरोप झाला की ओरडतात. काहींना मनातून वाटत असतं की हे एक ना एक दिवस होणारच होतं. तो दुसऱ्या जातीचा. मालकीणबाईंनी त्याला सामान आवरायला सांगितलं तेव्हा तो खरोखरच खण उघडून रंगांचे नमुने काढू लागला.

ती मदतीला म्हणून कोटाची घडी घालायला वाकली, आणि तिचा हात खिशावर अडला.

खिसा खाली होता.

सॅम्पलवरचा खिसा वर, चोरीच्या कोटावरचा खाली. दोन कोट मघापासून शेजारी होते. पण सगळ्यांचं लक्ष लांबीवर होतं, आणि कोटच आखूड म्हटल्यावर खिसा कुठे आहे ते कोण बघणार?

तो खालचा खिसा कधी होता, ते तिला माहीत होतं.

कोटाचा पॅटर्न तिने एका शनिवारी कारखाना बंद होता होता पुरा केला होता. बाकीचे निघून गेले होते. तिने तो सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि मास्तरांबरोबर कुलूप लावलं. रविवारी घरी एकदा नजरेखालून घालावा म्हणून लॅपटॉपवर उघडला. तेव्हाच लेक जुन्या स्वेटरच्या खिशात हात घालायची धडपड करत होती, आणि हात पोचत नव्हता. लहान मुलांचे हात आखूड असतात हे आई असूनही ती विसरली होती. सोमवारी सर्वांच्या आधी येऊन तिने खिसा वर घेतला. आणि मास्तर त्यांच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाच्या खुर्चीमागे उभे राहिले, अपडेट दाबेपर्यंत हलले नाहीत. सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर एकच पॅटर्न असल्याशिवाय ते कापडाला कात्री लावत नसत.

म्हणजे खालचा खिसा जगात होता फक्त एक रविवार. कारखाना बंद असतानाचा. चष्म्याने तो कधी पाहिलाच नव्हता.

तिने मान वर केली. मास्तर तिच्याकडेच बघत होते. त्यांचं बोट सॅम्पलच्या खिशावर होतं. त्यांनाही सोमवार आठवला होता. बोट उचललं, आणि पाठ फिरवून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

बेसिक तीन नव्हती, चार होती. चौथं तिच्या घरी होतं.

५

आता ती खऱ्या अर्थाने कोंडली गेली. सकाळी निदान ती निरपराध आहे हे तिला तरी ठाऊक होतं.

गप्प राहिलं तर सगळं ठीक. किल्ली परत मिळालेली, नोकरी शाबूत. चष्मा जाईल. त्याचं पोर येईल, अंगाईचं यंत्र वाजेल, आणि बाप घरी बसलेला असेल. बोललं तर? आपलेच दात, आपलेच ओठ. घरी लॅपटॉपला हात लावणारं कोण? नवरा महिनाभर परगावी कामाला. उरल्या सासूबाई. दिवसभर पोरीला सांभाळणाऱ्या, जन्मभर टायपिंगच्या क्लासात शिकवलेल्या, त्यामुळे कळफलकाला न घाबरणाऱ्या. पण त्या, आणि चोरी? त्या भाजीवाल्याने चुकून जास्त दिलेलं आलं परत द्यायला जिना उतरणाऱ्या.

टेबलावर तिची बॅग अजून उपडीच होती. तिने वस्तू आत भरायला घेतल्या. मोजा, चमचा. लेकीचं चित्र घडी करताना कागद उलटा झाला.

मागच्या बाजूला घर नव्हतं. एक लांब वळण होतं, प्रिंटरच्या फिकट शाईतलं, आणि कोपऱ्यात जोड कुठे लावायचा ते दाखवणारी फुली. शाई मध्येच संपलेली, म्हणून फुकट गेलेला कागद, म्हणून पोरीला चित्र काढायला दिलेला. ते वळण तिने स्वतःच्या हाताने काढलं होतं. बाहीचा वरचा भाग.

तिने फोन करायची परवानगी मागितली. लेक बरी नाही, असं खोटं बोलली. मालकीणबाईंनी मान हलवली.

फोन लेकीनेच उचलला. तिला घरी खारू म्हणत, कारण तोंडात सतत काहीतरी असे. आत्ताही होतं. आजी अंघोळीला गेली आहे, असं तिने चावत चावत सांगितलं.

"खारू, आजीने तुझ्यासाठी काही केलंय का गं?"

पलीकडे चावणं थांबलं. "सांगायचं नाहीये. थंडी पडली की सांगायचं."

"बरं, नको सांगू. नुसतं एवढं सांग, ते घातलं की तुझे हात दिसतात का?"

खारूने विचार केला. हे आजीने सांगू नको म्हटलेल्यात मोडत नव्हतं. "नाही," ती म्हणाली. "आजी म्हणते, वाढत्या अंगाचं केलंय."

६

तिने फोन ठेवला आणि चष्म्याच्या हातातला रंगांचा डबा काढून परत खणात ठेवला.

मग तिने मालकीणबाईंना बसायला सांगितलं आणि सगळं क्रमाने मांडलं. एकच माप, म्हणजे बेसिक. आखूड पाठ आणि बरोबर कान, म्हणजे चिकटवलेले कागद. आणि खालचा खिसा, म्हणजे तो एक रविवार. मास्तरांनी खिडकीशी उभ्या उभ्याच होकार भरला. त्या रविवारी पॅटर्न फक्त एका ठिकाणी उघडला गेला होता, आणि ज्या कॉम्प्युटरवर नंतर अपडेट दाबलंच नाही तिथे खिसा अजून खालीच असणार. तो लॅपटॉप तिच्या घरी आहे. हा कागदही तिच्या घरचा. तिने लेकीचं चित्र पालथं घालून टेबलावर ठेवलं.

बोलताना तिचा आवाज तुटला तो एकाच ठिकाणी. त्या रविवारी पडद्यावरचे कान बघून लेकीने हट्ट धरला होता, मला हा कोट पाहिजे. आणि ती म्हणाली होती, तो तुझा नाही, दुकानातल्या मुलांचा आहे. पोरगी रडून झोपली. सासूबाई शेजारी मटार सोलत बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. सासूबाई बोलत नाहीत तेव्हा काहीतरी करतात, हे तिने ओळखायला हवं होतं.

"त्यांनी दुकानाला विकला?" मालकीणबाईंनी विचारलं.

ते अजून तिलाही ठाऊक नव्हतं. तिने पुन्हा फोन लावला, सर्वांना ऐकू येईल असा. यावेळी सासूबाईंनी उचलला. पॅटर्नचं नाव निघताच त्या आधी खारूवरच बोलल्या, म्हणजे या बयेने फोडलं वाटतं. मग सांगू लागल्या. प्रिंट काढली, रोज दुपारी पोर झोपली की थोडे थोडे कागद जोडले, घरातली सगळी चिकटपट्टी संपली. जाड कापड शिवायला आताशा डोळे साथ देत नाहीत, म्हणून गल्लीच्या टोकाच्या शिवणवालीकडे टाकलं. शिवणवालीने फार कौतुक केलं. कोट दिला, कागद मात्र, आणते आणते म्हणत, ठेवून घेतले. ती बरेच दिवस चौकातल्या दुकानाचंही शिवते.

"पण मी विचारायला हवं होतं का गं?" त्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज म्हातारा झाला. "त्याला कुलूप नव्हतं, किल्ली नव्हती. तूच म्हणालीस ना, घरचं फुकटातलं आहे. मला वाटलं, फुकटातलं म्हणजे आपलंच."

मालकीणबाईंनी ते उलटं चित्र सुलटं केलं. चौघांनी, कॉम्प्युटर येणाऱ्या चौघांनी, जे दार पाहिलं नाही त्यातून एक आजी नातीसाठी कोट घेऊन निघून गेली होती. शेवटी त्या उठल्या आणि दाराची कडी काढली. चष्म्याला म्हणाल्या, तू सुट्टीचं विचारणार होतास, घे. एवढंच. माफी त्यांना मागता येत नसे. त्या ऐवजी द्यायला काहीतरी शोधत.

मग त्या तिच्याकडे वळल्या. शिवणवालीला आणि दुकानदाराला त्या बघून घेणार होत्या. कोट बाकीच्या सगळ्या मापांत आठवड्याच्या आत बाजारात जाईल. त्यांच्याकडे एक माप आहे, आपल्याकडे सगळी. आणि त्यांच्या कोटात पोरांचे हात खिशाला पोचणार नाहीत.

"तू बोलली नसतीस तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या. "मला कळलं नसतं."

"मास्तरांना कळलं होतं," ती म्हणाली.

मास्तर खिडकीतून म्हणाले, त्यांना काही कळलं नव्हतं, ते पाइप बघत होते.

"नोकरी राहील," मालकीणबाई म्हणाल्या. "पण घरचं ते बेसिक आज काढायचं. तिथे प्रीमियम बसेल, आणि माझ्याकडेही. किल्लीवालं. आणि ते चालू राहील, म्हणजे कोण काय उघडतंय ते मला इथे दिसेल. हे मी विचारत नाहीये."

नको म्हणायला तिच्याजवळ आता हात नव्हते. ते किल्ली धरून होते.

७

कॉम्प्युटरवाले तिच्याबरोबरच घरी आले. बेसिक पुसायला त्यांना फार वेळ लागला नाही. पुसण्याआधी तिने एकदा कोट उघडून पाहिला. खिसा खालीच होता.

सासूबाईंनी त्यांना चहा दिला, आणि तो पीत असताना जरा खालच्या आवाजात विचारलं, ही नवी आवृत्ती चांगली असते का हो. फार चांगली, ते म्हणाले. सगळं दिसतं, सगळं लगेच कळतं, कुठूनही काम करता येतं. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि कप उचलून आत निघून गेल्या. कपाटातून त्या काहीतरी काढताहेत, असा आवाज आला.

कॉम्प्युटरवाले गेले. जेवायच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता. कडेला किल्ली, तिच्यावर हिरवा ठिपका, न मिटणारा. तिने भाजी निवडायला घेतली आणि पडद्यावर पट्टी उजळली: मालकीणबाईंनी पॅटर्न पाहिला. तिने दुसरी जुडी सोडली. मालकीणबाईंनी टीप लिहिली.

खारू आतून आली ती कोट घालूनच. थंडी पडायची वाट बघण्यात आता अर्थ नव्हता. बाह्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होत्या, कान डोळ्यांवर आले होते, आणि ती त्या लोंबत्या बाह्यांनीच खिसा चाचपत होती. पोचत नव्हती.

तिने हात पुसले. खाली बसून एक बाही दुमडली, मग पुन्हा, मग पुन्हा, तेव्हा कुठे बोटं बाहेर आली. मागे टेबलावर पुन्हा टिंग झालं. तिने वळून पाहिलं नाही. लेकीचा हात मनगटाशी धरून तिने खिशात घातला आणि तो आत पोचावा म्हणून कोटाचा खालचा काठ वर उचलून धरला.

"सोडू नको," खारू म्हणाली.

टिंग.

"नाही सोडत," ती म्हणाली, आणि दुसऱ्या हाताने लॅपटॉपकडे न बघता टेबलाची कड घट्ट धरून बसली.